अंडपेशीच्या विभाजनातील संदेशवाहक प्रथिने (सस्तन प्राणी)

सस्तन प्राण्यांची अंडपेशी अर्धगुणसूत्री विभाजन सुरू करते, पण एका दमात पुरे करत नाही. ती वाटेत दोनदा थांबते. हे थांबे टिकवणारी आणि नेमक्या वेळी उठवणारी प्रथिने हा या नोंदीचा विषय आहे. स्त्रीच्या अंडपेशींचा पहिला थांबा ती आईच्या पोटात असतानाच लागतो आणि काही पेशींच्या बाबतीत चाळीसहून अधिक वर्षे टिकतो.

पहिला थांबा : विभाजन पुढे नेते ती सीडीके-१ हे विकर आणि सायक्लिन-बी१ यांची जोडी. १९७१ मध्ये योशिओ मासुई व क्लेमंट मार्कर्ट यांनी बेडकाच्या पक्व अंडपेशीतील पेशीद्रव्य अपक्व अंडपेशीत टोचले आणि ती पक्व झाली. या परिणामामागे हीच जोडी आहे, हे पुढे सिद्ध झाले. थांबलेल्या अंडपेशीत जोडी हजर असते, पण वी-१बी हे विकर सीडीके-१ वर फॉस्फेट बसवून तिला निष्क्रिय ठेवते. ते फॉस्फेट काढू शकणारे सीडीसी-२५बी हे विकर केंद्रकाबाहेर अडवलेले असते. दोन्ही गोष्टी प्रोटीन कायनेज-ए हे विकर घडवून आणते, आणि त्याला सक्रिय ठेवते सायक्लिक एएमपी हा पेशीतला छोटा संदेशवाहक रेणू.

सायक्लिक एएमपी अंडपेशी स्वतः तयार करते. उंदरात हे काम पृष्ठभागावरील जीपीआर-३ या ग्राहीमुळे (संदेश टिपणाऱ्या प्रथिनामुळे) चालू राहते. हा ग्राही नसलेल्या उंदरांत अंडपेशी पुटिकेत (अंडाशयातील अंडपेशीभोवतीच्या पिशवीत) असतानाच अवेळी विभाजनाला लागतात. पेशीत पीडीई-३ए हे सायक्लिक एएमपी तोडणारे विकरही असते. त्याला थोपवणारे सायक्लिक जीएमपी हा तसाच दुसरा रेणू; तो मात्र बाहेरून येतो : पुटिकेच्या भिंतीलगतच्या ग्रॅन्युलोसा पेशी सीएनपी हे पेप्टाइड सोडतात, ते अंडपेशीला वेढणाऱ्या क्युम्युलस पेशींवरील एनपीआर-२ या ग्राहीला चेतवते आणि तिथे तयार झालेले सायक्लिक जीएमपी पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म मार्गिकांतून अंडपेशीत उतरते. पिंकस आणि एन्झमन या संशोधकांना १९३५ मध्ये दिसले होते की सशाची अंडपेशी पुटिकेतून बाहेर काढली, की संप्रेरक न देताही आपोआप पक्व होऊ लागते. त्याचे कारण हेच. भोवतालच्या पेशींचा पुरवठा तुटला, की थांबा संपतो.

थांबा उठतो कसा : मासिक पाळीच्या मध्यावर ल्युटिनायझिंग संप्रेरकाची (एलएच) लाट येते. पुष्कळांचा समज असतो की हे संप्रेरक थेट अंडपेशीवर काम करते; त्याचे ग्राही प्रत्यक्षात बाहेरच्या ग्रॅन्युलोसा पेशींवर असतात. तिथून अँफिरेग्युलिन, एपिरेग्युलिन यांसारखे वाढघटक आतल्या पेशींना निरोप पोचवतात. एनपीआर-२ मंदावते, मार्गिका बंद होतात, सायक्लिक जीएमपी घटते, पीडीई-३ए मोकळे होते आणि सायक्लिक एएमपी ओसरताच सीडीके-१ जागे होते. केंद्रकाचे आवरण विरघळते.

यानंतर स्पिंडल, म्हणजे गुणसूत्रे ओढणाऱ्या धाग्यांची चौकट, तयार होते, तेही तारककेंद्राविना (इतर पेशींत हे धागे जिथून निघतात त्या केंद्राविना), आणि अ‍ॅक्टिनच्या जोरावर ते पेशीच्या कडेला सरकते. म्हणूनच वाटणी विषम होते : जवळजवळ सगळे पेशीद्रव्य अंडपेशीकडे राहते, तर छोट्याशा ध्रुवपिंडात गुणसूत्रांचा निम्मा वाटा बाहेर पडतो. जोडीतील गुणसूत्रे सुटी व्हावीत म्हणून सेपरेज हे विकर त्यांना बांधणारे आरईसी-८ हे प्रथिन कापते. गुणसूत्रबिंदूजवळचे (गुणसूत्राचे दोन भाग जुळतात त्या जागेजवळचे) बंध मात्र शुगोशिन-२ आणि पीपी-२ए ही प्रथिने दुसऱ्या विभाजनापर्यंत सांभाळतात. वय वाढते तसे हे बंध झिजतात आणि त्यांची भरपाई होत नाही. त्यात अंडपेशीतील तपासणी यंत्रणा सैल असते. एखादे गुणसूत्र नीट जोडले गेले नसले तरी ती विभाजन रोखेलच असे नाही. उतारवयातील गर्भधारणेत डाउन सिंड्रोमचा धोका वाढतो, त्यामागे ही दोन्ही कारणे आहेत.

दुसरा थांबा : पहिले विभाजन झाल्यावर अंडपेशी दुसऱ्याच्या मध्यात पुन्हा थांबते. मॉस हे प्रथिन एमएपी-कायनेज ही विकरांची साखळी चालू ठेवते आणि एमी-२ हे प्रथिन सायक्लिन नष्ट करणाऱ्या एपीसी या प्रथिनसंकुलाला अडवते. मॉस नसलेल्या उंदरांच्या अंडपेशी फलनाशिवायच पुढे जातात. शुक्राणू आत आला, की त्याच्यासोबत आलेले पीएलसी-झीटा हे विकर कॅल्शियमच्या लाटा उठवते. उंदरात त्या काही तास, ठरावीक अंतराने, उठत राहतात. त्यांनी चेतवलेले कॅमके-२ हे विकर एमी-२ च्या नाशाची सोय करते आणि दुसरे विभाजन पुरे होते. कुत्रीची अंडपेशी याला अपवाद म्हणावी लागेल. ती पहिला थांबा न सुटताच अंडाशयाबाहेर येते.

मुंबईतील उपयोग : परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईतील पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म झाला. त्या कामात परळचीच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजनन संशोधन संस्था सहभागी होती. आज शहरातील फलन केंद्रांचे रोजचे वेळापत्रक वरील साखळीवरच बेतलेले असते. एलएचच्या लाटेऐवजी एचसीजी या तसेच काम करणाऱ्या संप्रेरकाचे इंजेक्शन देतात आणि ३४ ते ३६ तासांनी अंडपेशी काढतात. इंजेक्शन रात्री १० ला घेतले, तर परवा सकाळी ८ ते १० ची वेळ येते. ते उशिरा घेऊन कळवले नाही, तर हाती अपक्व पेशी येतात. काढायला फार उशीर झाला, तर त्या आधीच सुटून गेलेल्या असतात. म्हणून इंजेक्शनची खरी वेळ मिनिटासकट विचारून घ्यावी.

वातानुकूलित शस्त्रक्रियागृहात अंडपेशींची नळी गार पडू देऊ नये : तापमान ३७ अंशांखाली गेले, की स्पिंडलचे धागे सुटू लागतात. त्यामुळे नळी तापवलेल्या ठोकळ्यात ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोचवतात. हायल्युरोनिडेज या विकराने क्युम्युलस पेशी काढल्यावर ध्रुवपिंड दिसला, तर पेशी दुसऱ्या थांब्याला आहे. केंद्रक दिसले, तर ती पहिल्याच थांब्यावर आहे आणि शुक्राणू टोचून उपयोग नाही. ध्रुवपिंड नुकताच बाहेर पडलेल्या पेशीची घाई करू नये. स्पिंडल पुन्हा बांधले जायला वेळ लागतो आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात ते दिसल्यावरच टोचणे बरे.

सगळ्याच अंडपेशी वारंवार पहिल्या विभाजनात अडकत असतील, तर टीयूबीबी-८ या, स्पिंडलच्या धाग्यांचे प्रथिन बनवणाऱ्या, जनुकातील दोषाची शक्यता तपासावी. पक्व अंडपेशीत शुक्राणू टोचूनही एकही फलित होत नसेल, तर स्त्रीचे डब्ल्यूईई-२ (वर आलेल्या वी-१बी विकराचे जनुक) आणि पुरुषाचे पीएलसी-झीटा, दोन्ही पाहावीत. पीएलसी-झीटा कमी असल्यास कॅल्शियम आयनोफोर या, पेशीत कॅल्शियम शिरू देणाऱ्या, रसायनाच्या द्रावणात अंडपेशी काही मिनिटे ठेवून लाट कृत्रिमरीत्या उठवता येते. दोष डब्ल्यूईई-२ चा असेल, तर या उपायाचा फायदा होत नाही, कारण अडथळा कॅल्शियमच्या पुढच्या टप्प्यावर असतो.