उभी आगबोट

‘आगबोट’ या आपल्या शब्दात आग आहे, बोट आहे. जिच्या जोरावर ती चालते ती वाफ मात्र नाही. सिडनीच्या ‘साउथ स्टेन’च्या आठवणी निघाल्या की वाफेला टाळून चालत नाही. ही बोट 1938 ते 1974 ‘सर्क्युलर की’ हा शहरातला धक्का आणि मॅनली हे उपनगर यांमध्ये ये-जा करायची. दोन्ही टोकांना पंखा आणि सुकाणू, म्हणून धक्क्यावर वळायची भानगडच नाही. आणि प्रवाशांना कठड्याशी उभं राहून खालचं इंजिन चालताना बघता यायचं.

त्या इंजिनात वाफ तीनदा राबते. बॉयलरमधली दाबाची वाफ आधी लहान सिलिंडरमध्ये शिरते, दट्ट्या ढकलते, फुगते. तिचा दाब उतरतो. मग ती त्याहून मोठ्या सिलिंडरमध्ये, शेवटी सर्वांत मोठ्यात. रसवंतीवाला ऊस दुमडून पुन्हा चरकात घालतो, तसलाच हिशेब. दाब उतरला तरी जोर तेवढाच हवा, तर दट्ट्याचं क्षेत्रफळ वाढवावं लागतं. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फने बनवलेल्या या इंजिनात शेवटचा टप्पा दोघांत वाटला आहे : टप्पे तीन, सिलिंडर चार.

1974 मध्ये ती सेवेतून निघाली आणि काही दिवसांतच तिला आग लागली. त्यातूनही वाचली, 1980च्या दशकात दुरुस्त झाली, पुढे तरंगतं रेस्टॉरंट बनली. बोटीचं हॉटेल झालं की जुने लोक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. माणसांचा राबता आणि चार पैसे असले तर गंज खरवडायला कुणीतरी येतं.

कारण चालत्या बोटीपेक्षा उभी बोट लवकर खराब होते. बॉयलर अर्धा भरलेला राहिला, तर पाणी, हवा आणि पोलाद जिथे भेटतात त्या रेषेवर गंज खड्डे पाडतो. म्हणून तो एकतर पार कोरडा ठेवायचा, नाहीतर प्राणवायू काढलेल्या अल्कधर्मी पाण्याने काठोकाठ भरायचा. बाहेरून तळाला जस्ताच्या वड्या लावतात : खाऱ्या पाण्यात आधी जस्त झिजतं, पोलाद वाचतं.

तळाचा पत्रा किती उरलाय हे न कापता कळतं ते ध्वनीमुळे. पत्रा घासून जेल लावायचं, हातात मावणाऱ्या यंत्राचं टोक टेकवायचं. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे 5,900 मीटर धावतो, म्हणजे 10 मिलिमीटर पत्र्याच्या पलीकडच्या बाजूवर आपटून प्रतिध्वनी परतायला 3.4 मायक्रोसेकंद लागतात. 2.7 मध्येच परतला, तर उरले फक्त 8. आकडा खडूने पत्र्यावर लिहायचा, पुढे सरकायचं, पुन्हा टोक टेकवायचं. बोट 220 फुटांची आहे.