फेलिक्स द कोश्ता, अंतोनियो : विद्युत एकासनी शर्यतींतील कारकीर्द

(३१ ऑगस्ट १९९१– ). पोर्तुगीज मोटारशर्यतपटू. विजेवर धावणाऱ्या एकासनी गाड्यांच्या फॉर्म्युला ई मालिकेचा २०१९-२० हंगामाचा अजिंक्य चालक. मालिकेच्या पहिल्या हंगामापासून (२०१४-१५) प्रत्येक हंगामात दिसलेल्या मोजक्या चालकांपैकी एक. २०२४-२५ अखेर त्याच्या नावावर १२ विजय होते. संघांचा क्रम : आगुरी, आंद्रेत्ती (पुढे बीएमडब्ल्यूसह), डीएस टेचिटा, पोर्श आणि २०२५-२६ पासून जॅग्वार.

नावाचे लेखन : इंग्रजी समालोचनातून आलेले ‘फेलिक्स डा कोस्टा’ हे रूप मराठी वर्तमानपत्रांत रुळले आहे. गोव्यात मात्र ते खटकते. पोर्तुगालमधल्या उच्चारात ‘त’पूर्वीचा ‘स’ हा ‘श’सारखा होतो, म्हणून ‘कोश्ता’. ‘दा’, ‘डा’ की ‘द’ हा प्रश्न वास्को द गामाने मराठीत केव्हाच सोडवून ठेवला आहे. येथे तोच ‘द’ घेतला आहे. ‘फेलिक्स’मधला शेवटचा वर्ण काहींच्या तोंडी ‘क्स’ तर काहींच्या तोंडी ‘श’ असा ऐकू येतो. ‘फेलिश’ हे रूप चूक म्हणता येणार नाही, तरी वाचकाला ओळखू यावे म्हणून ‘क्स’ राखला आहे. ‘फेलिक्स द कोश्ता’ हे जोड आडनाव आहे. त्यामुळे नोंद ‘फ’खाली येते, ‘क’खाली नव्हे. बार्देश-सासष्टीतल्या कोश्ता किंवा डिकॉस्टा घराण्यांशी त्याचे नाते केवळ आडनावावरून जोडू नये. गोव्यात ही आडनावे बहुधा बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याकडून वा पाद्रीकडून आली, आणि एकाच आडनावाची परस्परांशी रक्ताचा संबंध नसलेली कितीतरी घरे एकेका वाड्यावर सापडतात. पोर्तुगालचे माजी पंतप्रधान अंतोनियो कोश्ता यांचे पितृघराणे मडगावचे, ते वेगळे.

शर्यतचालकाला पोर्तुगीजमध्ये ‘पिलोतु’ म्हणतात. गोव्यात ‘पायलट’ म्हटले की भाड्याची मोटारसायकल चालवणारा डोळ्यांसमोर येतो, म्हणून या नोंदीत ‘चालक’ हाच शब्द वापरला आहे.

विजेच्या आधी : लिस्बनलगतच्या कास्काइशचा हा चालक. थोरला भाऊ दुआर्तेही शर्यतपटू. कार्टिंगनंतर २००९ मध्ये उत्तर युरोपीय फॉर्म्युला रेनो २.० मालिका त्याने जिंकली, २०१२ मध्ये जीपी३ या फॉर्म्युला वनखालच्या मालिकेत तिसरा आला आणि त्याच वर्षी मकाव ग्रां प्रीही जिंकली (२०१६ मध्ये पुन्हा). मकाव हे गाव गोमंतकीय वाचकाला परके नाही. १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्यातूनच चाले. रेड बुलच्या होतकरू चालकांत असल्यामुळे २०१४ साठी टोरो रोस्सो या रेड बुलच्याच दुसऱ्या संघातली फॉर्म्युला वनची जागा त्याला मिळेल अशी अटकळ होती. ती दानील क्व्यातला मिळाली. त्यानंतर बीएमडब्ल्यूकडून डीटीएम ही बंद गाड्यांची जर्मन मालिका आणि जोडीला नव्यानेच निघालेली फॉर्म्युला ई असा दुहेरी मार्ग त्याने धरला.

पहिल्या पिढीची गाडी : फॉर्म्युला ईची पहिली शर्यत १३ सप्टेंबर २०१४ रोजी बीजिंगला झाली. तीत आगुरीची गाडी ताकुमा सातोने चालवली. फेलिक्स द कोश्ता दुसऱ्या, मलेशियातल्या पुत्रजयाच्या शर्यतीपासून आला. त्या गाडीच्या बॅटरीत वापरण्याजोगी वीज २८ किलोवॅट-तास, म्हणजे घरच्या वीजबिलाच्या भाषेत २८ युनिट. एवढ्यात पूर्ण शर्यत होत नसे. म्हणून प्रत्येक चालकाला दोन गाड्या असत. निम्म्या शर्यतीत तो पिटमध्ये, म्हणजे मार्गालगतच्या संघाच्या थांब्यावर येई, पट्टे सोडून दुसऱ्या गाडीत उडी मारी आणि पुन्हा आवळून घेई. पहिल्या हंगामात शर्यतीतली शक्ती १५० किलोवॅटवर रोखलेली होती, सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या पात्रता फेरीत २०० पर्यंत मुभा होती.

१० जानेवारी २०१५ ची ब्वेनोस आयरेसची शर्यत हा त्याचा पहिला विजय, आणि आगुरी संघाचा एकमेव. पुढे असलेले प्रतिस्पर्धी एकेक करून गळाले : बुएमी भिंतीला लागला, दी ग्रासीच्या गाडीचे सस्पेन्शन मोडले, हाइडफेल्डला दंड झाला. हा विजय आयता मिळाला असे लिहिण्याची प्रथा आहे. ते अर्धेच खरे. दोन्ही गाड्यांतली वीज शेवटपर्यंत पुरवून, भिंतींना न शिवता जो तिथे उभा असेल त्यालाच असा लाभ होतो, आणि हा गुण त्याच्या पुढच्या विजयांतही दिसतो.

२०१६-१७ पासूनचे आंद्रेत्तीतले दोन हंगाम रखडलेले गेले.

दुसरी पिढी : २०१८-१९ पासून गाडी बदलण्याचा प्रकार संपला. बॅटरी ५२ युनिटांची, कमाल शक्ती २५० किलोवॅट, शर्यतीत २००. ठरावीक पट्ट्यावरून गाडी नेली की काही मिनिटे जादा शक्ती देणारा ‘अटॅक मोड’ही तेव्हाच आला. या पिढीची पहिलीच शर्यत (सौदी अरेबियातील अद दिरिया, १५ डिसेंबर २०१८) त्याने बीएमडब्ल्यूला जिंकून दिली. पुढच्याच मराकेशच्या शर्यतीत तो आणि सहकारी अलेक्झांडर सिम्स पहिल्या-दुसऱ्या जागी धावत असताना एकमेकांवर आदळले. द कोश्ता बाद झाला आणि विजय महिंद्राच्या जेरोम दाम्ब्रोसिओकडे गेला.

२०१९-२० मध्ये तो डीएस टेचिटात आला, जिथे सहकारी झाँ-एरिक वेर्न हा लागोपाठ दोन वेळचा अजिंक्य चालक होता. २९ फेब्रुवारी २०२० रोजी मराकेश जिंकून तो गुणतक्त्यात पुढे गेला, आणि कोविडमुळे मालिका थांबली. उरलेल्या सहा शर्यती ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जुन्या टेंपलहोफ विमानतळावर नऊ दिवसांत, प्रेक्षकांविना उरकल्या. तेव्हाच्या पद्धतीत पात्रता फेरीला गुणतक्त्यातल्या पहिल्या सहा जणांना सर्वांत आधी, धुळीने भरलेल्या मार्गावर उतरावे लागे. मागून येणाऱ्यांना टायरांनी स्वच्छ झालेली, पकड देणारी रेषा मिळे. आघाडीवीर मागे ढकलला जावा अशीच ती रचना होती. तरीही ५ आणि ६ ऑगस्टच्या दोन्ही शर्यतींत त्याने पोल (सुरुवातीची पहिली जागा) घेतली आणि दोन्ही जिंकल्या. ९ ऑगस्टला, दोन शर्यती बाकी असतानाच, अजिंक्यपद निश्चित झाले. अखेरचे गुण १५८. दुसऱ्या क्रमांकाच्या स्टोफेल व्हांडोर्नचे ८७.

‘विश्वविजेता’ म्हणावे काय? मराठी बातम्यांत त्याचा उल्लेख सर्रास तसा होतो. जागतिक मोटार महासंघाने (एफआयए) फॉर्म्युला ईला विश्व अजिंक्यपदाचा दर्जा २०२०-२१ हंगामापासून दिला. निर्णय डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झाला होता, म्हणजे द कोश्ताचा हंगाम चालू असतानाच. पण तो त्या हंगामाला लागू नव्हता. शब्द काटेकोर वापरायचे तर पहिला विश्वविजेता २०२१ चा नायक डे व्ह्रिस. उलट बाजूने असे म्हटले जाते की गाड्या, संघ आणि चालक जवळपास तेच असताना दर्जाच्या शिक्क्याला एवढे महत्त्व कशाला? क्रीडादृष्ट्या हे पटण्याजोगे आहे. कोशात मात्र पदाचे नाव देणाऱ्या संस्थेने दिले तसेच लिहावे लागते, म्हणून येथे ‘अजिंक्य चालक’. योगायोग असा की २०२२ मध्ये जोटा संघाकडून त्याने ल मां २४ तास शर्यत एलएमपी२ या दुय्यम वर्गात जिंकली आणि त्या वर्गाचे हंगामी विजेतेपदही घेतले. तेही अधिकृतपणे ‘चषक’च होते, विश्वपद नव्हे.

व्हॅलेन्सिया, २४ एप्रिल २०२१ : या मालिकेतला हिशेब समजून घ्यायला ही शर्यत सर्वांत उपयोगी. नियम असा : ४५ मिनिटे आणि वर एक फेरी. ४५ मिनिटे संपण्याआधी आघाडीची गाडी रेषा ओलांडून गेली, की ती फेरी संपल्यावर आणखी एक करावी लागते. म्हणजे एकूण फेऱ्या किती हे सुरुवातीला कोणालाच पक्के ठाऊक नसते. उदाहरणादाखल, ५२ युनिट आणि ३६ फेऱ्या धरल्या तर फेरीला १.४४ युनिट पडतात. ३७ होणार हे आधी कळले तर १.४१, फरक नगण्य. पण शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या असताना कळले, तर हाती असलेल्या २.८८ युनिटांत तीन फेऱ्या भागवायच्या, म्हणजे फेरीला ०.९६. एक तृतीयांश कपात. एवढ्यावर गाडी धावत नाही, घरंगळते.

त्या दिवशी पाऊस होता आणि अपघातानंतर सर्वांचा वेग रोखणारी सेफ्टी कार पाचदा बाहेर आली. सेफ्टी कारमागे गाड्या सावकाश चालतात, वीज वाचते. ती वाचलेली वीज तशीच राहिली तर नंतर सगळे मोकाट सुटतील, म्हणून तेव्हाच्या नियमानुसार मिनिटाला एक युनिट कापले जाई. एकूण १९ युनिट गेले, उरले ३३. आघाडीवर असलेल्या द कोश्ताने घड्याळात काही सेकंद शिल्लक असताना रेषा ओलांडली आणि एक फेरी वाढली. बहुतेकांची वीज त्या फेरीत संपली. गाड्या वाटेतच मंदावत, थांबत गेल्या. जिंकला डे व्ह्रिस, ज्याच्या संघाने जास्तीची फेरी गृहीत धरली होती. दोष कपातीच्या नियमाचा की संघाचा, यावर दुमत आहे. नियम कडक होता यात शंका नाही. पण घड्याळ सर्वांसमोर होते, आणि आघाडीच्या गाडीने जरा रेंगाळून शून्यानंतर रेषा ओलांडली असती तर ती फेरी वाढलीच नसती. दोनच आठवड्यांनी, ८ मे रोजी मोनॅकोत, शेवटच्या फेरीत बोगद्यातून बाहेर पडल्यावरच्या वळणावर त्याने जॅग्वारच्या मिच एव्हन्सला मागे टाकून विजय मिळवला. तिथे एव्हन्सची वीज आखडली होती, याची शिल्लक होती.

तिसरी पिढी : २०२३ पासून गाडी ८४० किलोची (चालकासह), मागील मोटर ३५० किलोवॅट, आणि पुढच्या आसावर २५० किलोवॅटची दुसरी मोटर, जी सुरुवातीला फक्त ब्रेक लावताना वीज परत घेण्यासाठी होती. दोन्ही मिळून ६०० किलोवॅटपर्यंत वीज बॅटरीत परतते. मागच्या चाकांना नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेकच ठेवले नाहीत. यातली मेख विजेची स्कूटर वापरणाऱ्याला लगेच कळेल : चोर्ल्याच्या माथ्यावर बॅटरी पूर्ण भरून घाट उतरायला लागले, तर परतणारी वीज ठेवायला जागाच नसते आणि मोटरचा ब्रेक ढिला पडतो. शर्यतगाडीत विद्युतप्रणाली मध्येच बंद पडली तर मागचे ब्रेक पूर्णच जात. म्हणून नंतर आपत्कालीन ब्रेकची सोय करावी लागली.

द कोश्ता याच वर्षी पोर्शमध्ये गेला. ११ फेब्रुवारी २०२३ ची हैदराबादची शर्यत ही भारतातली पहिली, आणि त्याची मालिकेतली शंभरावी. हुसेनसागराकाठचा मार्ग २.८३ किमी, पणजीच्या फेरीबोट धक्क्यापासून मिरामार सर्कलपर्यंत जेवढे अंतर भरेल, साधारण तेवढी एक फेरी, पण तीत १८ वळणे. वेर्न जिंकला, निक कॅसिडी दुसरा. तिसरा आलेल्या बुएमीने शक्तीची मर्यादा ओलांडल्याचे आढळल्यावर त्याला वेळेचा दंड झाला आणि तिसरी जागा द कोश्ताला मिळाली. त्या दिवशी मैदानात भारतीय चालक नव्हता (करुण चंढोक पहिल्या हंगामात महिंद्राकडून खेळला, मुंबईचा जेहान दारूवाला २०२४ मध्ये मासेराटीकडून). हैदराबादची २०२४ ची शर्यत रद्द झाली. दोन आठवड्यांनी केपटाउनला द कोश्ताने वेर्नला गाठून विजय घेतला.

मिसानो (इटली), १३ एप्रिल २०२४ : येथे तो पहिला आला आणि तपासणीत बाद ठरला. कारण, अॅक्सिलरेटरच्या पेडलमधली एक स्प्रिंग. या गाडीला केबल नसते. पेडल किती दाबले ते सेन्सर मोजतो आणि पायाला जाणवणारा विरोध स्प्रिंगने आणलेला असतो. गाडीचे समाईक भाग मान्यताप्राप्त यादीतलेच लागतात, आणि बसवलेली स्प्रिंग त्या यादीत नव्हती. वेगाला फायदा झाला की नाही हा प्रश्न अशा वेळी गैरलागू ठरतो. विजय निसानच्या ऑलिव्हर रोलंडकडे गेला. पोर्शच्या अपिलानेही निकाल पालटला नाही. हैदराबादला नियमाच्या बारीक अक्षरांनी दिले, मिसानोला घेतले.

त्याच हंगामात पुढे बर्लिन आणि शांघायची एकेक व पोर्टलंडच्या दोन्ही शर्यती त्याच्या नावे लागल्या. या रुंद मार्गांवर पुढे राहणे हाच तोटा असतो : आघाडीची गाडी वारा कापते, मागच्या तिच्या आडोशाने वीज वाचवतात, आणि पुढे जायला कोणीच राजी नसते. शिल्लक राखत सात-आठव्या जागी राहायचे, पुढचा पंख मोडू द्यायचा नाही, आणि शेवटच्या तीन-चार फेऱ्यांत साठा सोडायचा. पोर्टलंडच्या पहिल्या शर्यतीत एव्हन्स रेषेवर आधी पोचला होता, पण टकरीच्या पाच सेकंदांच्या दंडाने मागे गेला. हंगामाचे पद मात्र पोर्शमधला सहकारी पास्काल वेर्लाइनने जिंकले.

२०२५-२६ हंगामासाठी तो जॅग्वारमध्ये कॅसिडीच्या जागी दाखल झाला. तेथे त्याचा सहकारी मिच एव्हन्सच.