उष्णतेची लाट : कोल्हापूर परिसरातील स्वरूप आणि बचाव

एखाद्या प्रदेशात त्या ऋतूत नेहमी असते त्यापेक्षा बरेच जास्त कमाल तापमान सलग काही दिवस टिकून राहिले, की त्या स्थितीस उष्णतेची लाट म्हणतात. मैदानी भागातील केंद्रावर कमाल तापमान निदान ४० अंश सेल्सिअस झाल्यावरच भारतीय हवामान विभाग लाटेचा विचार करतो. पारा सरासरीच्या ४.५ ते ६.४ अंश वर गेल्यास ती लाट आणि त्याहूनही वर गेल्यास तीव्र लाट समजली जाते. प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर पोहोचले, तर सरासरीशी तुलना न करताच लाट मानली जाते. एका हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर ही स्थिती सलग दोन दिवस आढळली, की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. कोल्हापूर जिल्हा मध्य महाराष्ट्र या उपविभागात मोडतो.

कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेस पंचगंगेकाठी वसले आहे. एप्रिल हा येथील सर्वांत उष्ण महिना असून त्याचे सरासरी कमाल तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. म्हणजे पारा ४१ अंशांच्याही वर जाईपर्यंत वरील निकषानुसार येथे लाट ठरत नाही, आणि असे क्वचितच घडते. संध्याकाळी पश्चिमेकडून वारा सुटतो, एप्रिल-मे महिन्यांत वळीव येऊन जातो, त्यामुळे विदर्भातल्यासारखे ऊन आपल्याकडे नाही अशी येथील लोकांची पक्की समजूत आहे. तापमानाच्या आकड्यापुरती ती खरी आहे. उन्हापासूनच्या धोक्याला मात्र ती लागू पडत नाही. उष्माघात होण्यासाठी लाट जाहीर व्हावी लागत नाही. एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावरील कार्यक्रमास तासन्‌तास बसलेल्या लोकांपैकी काही जण उष्माघाताने दगावले, तेव्हा तेथील पारा चाळिशीच्या आतच होता. शिवाय हे तापमान सावलीत, हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकावर मोजलेले असते. भर उन्हात उभ्या असलेल्या माणसावर पडणारा ताप त्याहून कितीतरी जास्त असतो.

जिल्ह्यातही सगळीकडे ऊन सारखे नाही. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी हे डोंगराळ आणि जंगलाचे तालुके तुलनेने सुसह्य असतात, तर शिरोळ व हातकणंगले या पूर्वेकडच्या सखल तालुक्यांत उन्हाच्या झळा जास्त जाणवतात. तेथील बागायती उसामुळे हवेत बाष्पाची भर पडते. वळीव पडून गेल्यावर गारवा येतो, पण दुसऱ्या दिवशी ऊन तापले की दमट उकाडा वाढतो, आणि तोच अधिक घातक असतो.

याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या जवळपास राखण्याचे मुख्य साधन घाम हेच असते; परंतु घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो, कारण वाळतानाच तो त्वचेची उष्णता घेऊन जातो. हवा दमट असेल तर घाम अंगावरून ओघळतो आणि वाया जातो. कष्टाच्या कामात तासाला लिटरभर किंवा त्याहून अधिक घाम जाऊ शकतो व त्याबरोबर मीठही जाते. भरपाई झाली नाही तर पायांत व पोटात गोळे येतात, नंतर डोके दुखणे, चक्कर, मळमळ, अतिशय थकवा, थंड व ओलसर त्वचा अशी लक्षणे दिसतात. याच टप्प्यावर सावलीत नेऊन पाणी व मीठ दिले, तर माणूस बहुधा सावरतो. त्याच्या पुढचा टप्पा उष्माघाताचा. त्यात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि मेंदूवर परिणाम होतो : माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, तोल जातो, झटके येतात किंवा शुद्ध हरपते. उष्माघातात घाम थांबतो ही समजूत अर्धवट खरी आहे. वृद्धांत बहुधा तसे होते, पण काम करताना कोसळलेल्या तरुण मजुराचे अंग घामाने भिजलेलेही असू शकते. म्हणून घामापेक्षा बोलण्या-वागण्यातील बदलावर लक्ष ठेवावे.

कोल्हापूर परिसरात ही जोखीम ज्यांच्या वाट्याला येते, त्यांत ऊसतोड मजूर आधी येतात. हंगाम लांबला की तोडणी मार्च-एप्रिलच्या उन्हात जाते. उसाच्या पात्याने अंग कापू नये म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावे लागतात, उभ्या फडात वारा फिरत नाही आणि मोळ्या डोक्यावरून वाहनापर्यंत न्याव्या लागतात. मुक्कामाच्या कोप्यांतही (तात्पुरत्या झोपड्यांतही) थंडावा नसतो. गुऱ्हाळावर काहिलीजवळ (उसाचा रस आटवण्याच्या मोठ्या कढईजवळ) उभा राहणारा गुळव्या म्हणजे गूळ करणारा कारागीर आणि चुलवाणात (काहिलीखालच्या भट्टीत) चिपाडे सारणारा मजूर यांना उन्हाबरोबर जाळाची धगही सोसावी लागते. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फौंड्रींत म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यांत भट्टीची उष्णता वर्षभर असते, उन्हाळ्यात फक्त तिच्यातून सुटका होण्याची वेळ कमी होते. इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवतात आणि सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ देण्याच्या विभागात, वाफेवर काम चालते. वर पत्र्याचे छप्पर असले, तर घाम वाळण्याची शक्यताच उरत नाही. या ठिकाणी नुसते ‘दुपारी बाहेर पडू नका’ हे सांगणे निरुपयोगी आहे. कामाची वेळ पहाटे आणि संध्याकाळी वळवणे, दर तासाला सावलीत विसावा देणे आणि पाणी कामाच्या जागीच ठेवणे ही जबाबदारी मुकादमाची व मालकाची आहे, मजुराच्या सोशिकपणाची नव्हे.

शरीर उष्णतेला सरावते, पण त्यास एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून नवीन आलेला किंवा सुट्टीवरून परतलेला कामगार पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक धोक्यात असतो. अगदी नवीन कामगाराला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाचा पाचवा हिस्सा देऊन तो रोज तेवढाच वाढवत न्यावा, अशी पद्धत औद्योगिक आरोग्यशास्त्रात सांगितलेली आहे. उन्हाळ्यातील पहिली लाट बहुधा अधिक त्रासदायक ठरते, तीही याच कारणाने.

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे. उन्हात कष्टाचे काम करणाऱ्याने दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला घ्यावा. मात्र खूप घाम गेल्यावर निव्वळ पाणीच पीत राहिल्यास रक्तातील मिठाचे प्रमाण घटते. येथील घरांत उन्हाळ्यात होणारे मीठ घातलेले ताक, नाचणीची आंबील, पन्हे, कोकम सरबत आणि लिंबू सरबत ही पेये या दृष्टीने फार योग्य आहेत. ताक आणि आंबील यांतून पाणी, मीठ व थोडे अन्न एकदमच मिळते. उसाच्या रसात साखर भरपूर असली तरी मीठ नगण्य असते, त्यामुळे तो लिंबू व मीठ घालून घ्यावा आणि रस्त्यावरच्या बर्फाची स्वच्छता पाहावी. जलसंजीवनीची (ओआरएसची) पुडी नसेल तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते द्रावण त्याच दिवशी वापरावे. येथे चमचा म्हणजे चहाचा लहान चमचा. खिशात कांदा ठेवल्याने ऊन बाधत नाही हा समज ग्रामीण भागात अजूनही आहे. कांदा खाण्यास हरकत नाही, परंतु खिशातल्या कांद्याच्या भरवशावर डोके उघडे ठेवू नये.

पंख्याचा उपयोगही मर्यादित आहे. खोलीतील हवाच ४० अंशांच्या वर तापलेली असेल, तर पंखा ती गरम हवा अंगावर फेकतो. अशा वेळी अंग ओल्या फडक्याने पुसत राहिल्यासच वाऱ्याचा फायदा होतो. जुन्या कोल्हापुरातील मातीच्या जाड भिंतींची व कौलारू छपरांची घरे दुपारी थंड राहत. पत्र्याच्या व स्लॅबच्या घरांत छतावर पांढरा चुना देणे, पत्र्याखाली छत बांधणे, दुपारी पश्चिमेच्या खिडक्या झाकणे आणि रात्री सर्व खिडक्या उघडणे हे कमी खर्चाचे उपाय उरतात. एकटे राहणारे वृद्ध, तान्ही मुले व गरोदर स्त्रिया यांची दिवसातून निदान दोनदा विचारपूस करावी. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा मानसिक आजाराची काही औषधे घेणाऱ्यांना उष्णतेचा त्रास लवकर होतो. त्यांनी गोळ्या आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारावे. बंद मोटारीत मुलाला क्षणभरही ठेवू नये.

चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा बहुधा एप्रिलमध्येच येते. त्या दिवशी वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर लाखो भाविक चढतात, उंच सासनकाठ्या (देवाच्या मानाच्या सजवलेल्या काठ्या) तोलत भर दुपारी नाचवल्या जातात आणि अनेकांचा उपवासही असतो. दाटीमुळे वारा अडतो आणि कोसळलेला माणूस गर्दीत लवकर दिसत नाही. चढण पहाटे संपवणे, सासनकाठी धरणाऱ्यांनी आळीपाळीने बाजूला होऊन पाणी पिणे आणि भोवळ येणाऱ्याला मंडपात न कोंबता मोकळ्या सावलीत नेणे, एवढी दक्षता प्रत्येक गावाच्या काठीबरोबर असावी.

उष्माघाताची शंका येताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, पण तिची वाट पाहत बसू नये. पहिल्या अर्ध्या तासात शरीर किती थंड केले, यावर जीव वाचणे अवलंबून असते. रुग्णाला सावलीत आडवे करून कपडे सैल करावेत, अंगावर सतत पाणी ओतून वारा घालावा आणि मान, काख व जांघेत बर्फ किंवा गार पाण्याची फडकी ठेवावीत. शेतावर असाल तर विहिरीच्या मोटारपंपाचे पाणी चालते. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी किंवा सरबत घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तापाच्या गोळीचा येथे उपयोग नाही, कारण हा ताप संसर्गाचा नसतो.

या दूध-उत्पादक जिल्ह्यात जनावरांचाही स्वतंत्र विचार करावा लागतो. म्हशीची कातडी काळी असते आणि घर्मग्रंथी गायीपेक्षा कमी असतात, म्हणून तिला डुंबण्याची गरज असते; दुपारी म्हशी नदीवर धुण्यास नेण्याची येथील रीत त्यामुळेच शास्त्रशुद्ध आहे. संकरित होल्स्टीन गायींना उष्णता आणखी कमी सोसते. तोंड उघडे ठेवून धापा टाकणे, लाळ गळणे, चारा सोडणे आणि दूध एकाएकी घटणे ही लक्षणे दिसल्यास जनावराच्या अंगावर पाणी मारावे व पशुवैद्यास बोलवावे. गोठ्याच्या पत्र्यावर उसाचे पाचट पसरावे, उन्हाच्या बाजूस ओली बारदाने सोडावीत, पाणी दिवसातून तीन-चार वेळा दाखवावे आणि वैरण पहाटे व रात्री टाकावी, कारण रवंथ करतानाही शरीरात उष्णता निर्माण होते.