फोन वाजत होते, म्हणजे प्रवासी जिवंत होते?

८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं मलेशिया एअरलाइन्सचं एमएच३७० बेपत्ता झालं. विमानात २३९ जण होते. नातेवाइकांनी फोन लावले, तर काहींना पलीकडे रिंग ऐकू आली. झालं, विमान कुठेतरी गुपचूप उतरवलंय ही वावडी उठली, ती अजून फिरते आहे.

पण आपल्या कानावर पडणारी रिंग समोरच्या फोनमधून येतच नाही. ती टेलिफोन कंपनीची यंत्रणा वाजवते. परदेशी नेटवर्कवरचा फोन शोधायला वेळ लागतो, तेवढ्यात कॉल करणाऱ्याला रिंग ऐकू येऊ शकते. पलीकडचा फोन बंद असला तरी. आशेने कान लावून बसलेल्याला हे कोण सांगणार, हा भाग वेगळा.

‘एक तुकडाही सापडला नाही’ हेही खोटं. जुलै २०१५मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर पंखाचा भाग वाहून आला, तो याच विमानाचा ठरला. टांझानिया आणि मॉरिशसलाही पंखांचे तुकडे मिळाले. उपग्रहाशी विमानाचा आपोआप होणारा शेवटचा संपर्क मलेशियन वेळेनुसार सकाळी ८:१९चा. त्यावरून विमान दक्षिण हिंदी महासागरात कोसळल्याचा निष्कर्ष निघाला. नेमकं कशामुळे, हे मात्र २०१८च्या अधिकृत अहवालालाही सांगता आलं नाही.