मोटर न्यूरॉन आजारातील ईएमजी-एनसीव्ही तपासणीची विश्वासार्हता

मोटर न्यूरॉन आजारात स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या, मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतापेशी हळूहळू मरतात. हा आजार एकट्याने पक्का ठरवेल अशी रक्ताची किंवा एमआरआयची चाचणी नसल्यामुळे ईएमजी-एनसीव्ही या नसा आणि स्नायूंच्या विद्युत तपासणीच्या कागदाला रुग्णाच्या घरात निकालपत्राचे वजन येते. ते वजन त्या कागदाला पेलत नाही.

एनसीव्हीत कातडीवरून नसेला विजेचे हलके झटके देऊन संदेशाचा वेग आणि स्नायूच्या प्रतिसादाची उंची मोजतात. ईएमजीत बारीक सुई थेट स्नायूत घालून तिथली विद्युत हालचाल पडद्यावर पाहतात आणि कानांनी ऐकतातही. सुई दुखते, हे रुग्णाला आधी सांगितलेले बरे, कारण स्नायू सैल सोडल्याशिवाय विश्रांतीतल्या लहरी दिसत नाहीत. जिभेच्या बाबतीत तर ते फारच अवघड जाते.

ही तपासणी मज्जारज्जू आणि मेंदूच्या खोडापासून स्नायूकडे जाणारा खालचा टप्पाच पाहते. मेंदूपासून खाली येणाऱ्या वरच्या टप्प्याचे नुकसान गुडघ्यावरच्या हातोडीने आणि तळव्याच्या प्रतिक्षेपाने कळते, सुईने नाही. म्हणून केवळ वरचा टप्पा बिघडलेल्या प्रायमरी लॅटरल स्क्लेरोसिसमध्ये ईएमजी जवळपास नॉर्मल येऊ शकतो. दुसरी अडचण काळाची. एक पेशी मेली की शेजारची जिवंत पेशी तिचे अनाथ स्नायूतंतू सांभाळायला घेते. त्यामुळे बऱ्याच पेशी गेल्या तरी ताकद आणि प्रतिसादाची उंची काही काळ टिकते. लवकर केलेली तपासणी नॉर्मल आली तर तेवढ्यावर आजार नाही असे ठरत नाही. काही महिन्यांनी ती पुन्हा करावी लागते.

उलट बाजूची चूक कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात जास्त ध्यानात ठेवावी लागते. तालमीत वर्षानुवर्षे मानेवर जोर घेतलेल्या पैलवानाच्या मानेतल्या नसांची मुळे जुन्या दुखापतीने दबलेली असू शकतात. अशा दंडाच्या स्नायूत मोठ्या, रुंद लहरी कित्येक वर्षे राहतात आणि त्या मोटर न्यूरॉन आजारासारख्याच दिसतात. मग जाणकार डॉक्टर जिभेत किंवा पाठीच्या मधल्या भागातील मणक्यांलगतच्या स्नायूत सुई घालतात, कारण तिथला बिघाड मानेच्या किंवा कमरेच्या झिजेने सहसा होत नाही. हे न पाहिल्याने आधी मणक्याचे ऑपरेशन आणि मग खरे निदान, असा उलटा प्रवासही काही रुग्णांचा होतो. मधुमेह निराळाच घोळ घालतो. मोटर न्यूरॉन आजारात संवेदनेच्या नसा साधारण शाबूत असतात, पण जुन्या मधुमेहीच्या पायात त्याही मंदावलेल्या सापडतात.

हिवाळ्यात गगनबावड्याहून सकाळी दुचाकीवर आलेल्या माणसाचे हात गार असतात. तापमान एक अंशाने घटले की नसेतला वेग सेकंदाला सुमारे 2 मीटरने कमी होतो. प्रतिसादाची उंची मात्र वाढू शकते आणि खरी घट झाकली जाते. म्हणून हाताची कातडी 32 अंश सेल्सिअसपर्यंत ऊबदार झाल्यावरच मोजमाप घ्यायचे असते.

या आजाराच्या निदानाचे निकषही बदलत गेले. 1994 च्या एल एस्कोरियल निकषांत आणि 2000 मधल्या त्यांच्या सुधारित रूपात, स्नायूची नस तुटत असल्याचा चालू पुरावा म्हणून फिब्रिलेशनसारख्या, म्हणजे सैल स्नायूच्या तंतूंत आपोआप उठणाऱ्या, लहरी लागत. 2008 च्या आवाजी निकषांनी, स्नायूत जुनाट बदल असतील तर फॅसिक्युलेशन, म्हणजे स्नायूचे फडफडणे, हाही तसाच पुरावा मानला. 2020 च्या गोल्ड कोस्ट निकषांत हात किंवा पाय आजाराने बाधित धरायचा तर वेगवेगळ्या मुळांच्या आणि वेगवेगळ्या नसांच्या दोन स्नायूंत बिघाड दिसावा लागतो. नुसते फडफडणे निरोगी माणसातही आढळते. बाकी ईएमजी नॉर्मल असेल तर त्यावरून या आजाराचे नाव घेऊ नये.

या तपासणीचा सर्वांत भरवशाचा उपयोग वेगळ्याच ठिकाणी आहे. नसेच्या एका टप्प्यावर संदेश अडतो आहे असे एनसीव्हीत दिसले तर मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी या हालचालीच्या नसांच्या वेगळ्या आजाराचा संशय येतो, आणि तिला इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे प्रतिपिंडांचे, उपचार लागू पडतात. तरुण मुलाचा एकच हात बारीक होत असेल तर हिरायामा हा हाताचे स्नायू बारीक करणारा आजारही तपासावा. तो सहसा काही वर्षांनी थांबतो.

मिरज, पुणे किंवा मुंबईला दुसरे मत घ्यायला जाताना फक्त शेवटच्या पानावरचा ‘अँटीरिअर हॉर्न सेल डिसीज’ (मज्जारज्जूतल्या हालचालीच्या पेशींचा आजार) हा शेरा नेणे पुरत नाही. कोणत्या स्नायूत सुई घातली त्याची यादी, प्रतिसादांचे आकडे आणि लहरींचे आलेख सोबत असले, तरच पुढच्या तपासणीशी तुलना करता येते.