सोमलावर जगणारा जिवाणू: एका बातमीची पंधरा वर्षं

२९ नोव्हेंबर २०१० रोजी नासाने एक छोटं निवेदन काढलं. २ डिसेंबरला पत्रकार परिषद आहे, विषय खगोलजीवशास्त्रातला एक शोध, आणि पृथ्वीबाहेरच्या जीवसृष्टीचा पुरावा शोधण्याच्या कामावर त्याचा परिणाम होणार आहे, एवढाच मजकूर. पुढचे तीन दिवस तर्कांना नुसता ऊत आला. शनीच्या टायटन या चंद्रावर काहीतरी सापडलं असणार, इथपर्यंत मजल गेली. शोधनिबंध ज्या पत्रकारांच्या हातात आधीच होता त्यांची तोंडं बंद होती, कारण 'सायन्स' नियतकालिकाने ठरवून दिलेल्या वेळेआधी काही छापायचं नाही, असा नियम. ज्यांच्या हातात काहीच नव्हतं ते मात्र लिहायला मोकळे होते!

परिषदेत निघाला तो पृथ्वीवरचाच एक जिवाणू. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवराच्या गाळातून तो वेगळा केला होता. हे सरोवर आपल्या लोणारसारखंच खारं आणि क्षारीय. पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. वाफ होऊन उडतं आणि विरघळलेलं सगळं मागे राहतं. त्या मागे राहिलेल्यात आर्सेनिकही आहे, म्हणजे आपला सोमल: लिटरमागे साधारण १५ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे, त्यावरून अंदाज यावा. असल्या पाण्यात तग धरणारे जिवाणू आधीपासून माहीत होते. फेलिसा वोल्फ-सायमन आणि त्यांच्या अकरा सहकाऱ्यांचा दावा त्याच्या बराच पुढचा होता. हा जिवाणू आर्सेनिक नुसता सहन करत नाही. फॉस्फरस मिळेनासा झाला की त्याच्या जागी तो आर्सेनिक वापरतो, आणि तोही थेट डीएनएमध्ये, असं त्यांचं म्हणणं होतं. जिवाणूचं नाव जीएफएजे-१. ही इंग्रजी आद्याक्षरं 'फेलिसाला नोकरी द्या' या वाक्याची आहेत. कंत्राटी संशोधकांच्या जगात या विनोदावर हसू येतं आणि येतही नाही.

जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्या सीमेवर रोज काही ना काही छापून येतं. त्यातलं टिकाऊ कोणतं आणि कोणतं नाही, हे आपल्यासारख्या बाहेरच्या वाचकाने कसं ओळखायचं, असं मला बरेच जण विचारतात. त्याला नियमांपेक्षा हे एक प्रकरण शेवटपर्यंत बघणं जास्त उपयोगी पडतं, असं माझं मत आहे. कारण हे प्रकरण खरोखरच शेवटपर्यंत गेलं. त्याला पंधरा वर्षं लागली.

आधी रसायन. आवर्तसारणीत फॉस्फरसच्या बरोबर खाली आर्सेनिक येतो. एकाच गणातली मूलद्रव्यं, त्यामुळे वागणूक मिळतीजुळती. फॉस्फरसभोवती चार ऑक्सिजन बसले की फॉस्फेट, आर्सेनिकभोवती बसले की आर्सेनेट. आकार जवळपास तोच, विद्युतभारही तोच. आर्सेनेट किंचित मोठा. सोमल विषारी आहे याचं एक कारण हे साम्यच आहे. पेशी फॉस्फेट समजून आर्सेनेट आत घेते. ग्लुकोजपासून ऊर्जा काढण्याच्या साखळीत एका पायरीवर फॉस्फेट जोडायचा असतो; तिथे आर्सेनेट जोडला गेला तर तयार झालेलं संयुग लगेच पाण्यात फुटतं. गाडं पुढे सरकतं, पण त्या पायरीवर जी ऊर्जा साठवायची होती ती साठतच नाही.

हे 'लगेच फुटतं' फार महत्त्वाचं आहे. डीएनएचा कणा म्हणजे साखरेचा रेणू, फॉस्फेट, पुन्हा साखर, पुन्हा फॉस्फेट, अशी लांबलचक माळ. पाण्याने हा फॉस्फेटचा दुवा तुटू शकतो, पण अत्यंत सावकाश. हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ फ्रँक वेस्टहायमर यांनी निसर्गाने फॉस्फेटच का निवडले, याची उत्तम मांडणी १९८७ साली केली होती. दोन बाजू जोडूनही फॉस्फेटवर एक ऋणभार शिल्लक उरतो. तो पाण्याच्या हल्ल्याला थोपवतो आणि रेणूला पेशीच्या पटलातून बाहेर निसटू देत नाही. आर्सेनेटवरही तसाच भार असतो. पण त्याचे बंध लांब आणि ढिले, पाण्याला शिरायला जागा. मिसुरी विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये छोट्या आर्सेनेट संयुगांवर मापनं घेऊन अंदाज बांधला. २५ अंश सेल्सियसला डीएनएतल्या फॉस्फेटच्या एका दुव्याचा अर्धायुष्यकाल (म्हणजे असे निम्मे दुवे तुटायला लागणारा वेळ) सुमारे ३ कोटी वर्षं; त्याच जागी आर्सेनेट बसवला तर ०.०६ सेकंद. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

आता मूळ प्रयोगाकडे वळू. त्या प्रयोगात डीएनए पेशीतून काढला, पाण्याच्या द्रावणांतून फिरवला, जेलवर (तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर) चालवला आणि तो लांब, अखंड पट्टा म्हणून दिसला. त्याच्या कण्यात आर्सेनेट असता तर या सगळ्या खटाटोपात त्याचा चुरा व्हायला हवा होता. ही हरकत घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. बी.एस्सी.च्या रसायनशास्त्रावर ती घेता येते, आणि बातमी आल्यावर अनेकांनी ती लगेच घेतलीही. मोठ्या जैवरेणूंत हे बंध जास्त टिकत असतील, असं लेखकांचं उत्तर होतं. ते अशक्य म्हणता येत नाही, पण मग ते दाखवायला हवं होतं.

दुसरी हरकत मला जास्त आवडते, कारण ती निव्वळ अंकगणितावर उभी आहे. जिवाणू वाढवताना द्रावणात आर्सेनेट भरपूर घातला होता, ४० मिलिमोलर (मोलर हे द्रावणातल्या प्रमाणाचं एकक; मायक्रो म्हणजे मिलीचा हजारावा भाग). फॉस्फेट घातला नव्हता. तरी तपासल्यावर सुमारे ३ मायक्रोमोलर फॉस्फेट निघाला. इतर क्षारांतून अशुद्धी म्हणून आलेला. लेखकांनी हा आकडा लपवला नाही, निबंधातच दिला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. एवढ्याने वाढ होणं शक्य नाही, असं त्यांनी धरलं. खरंच शक्य नाही का? ३ मायक्रोमोलर म्हणजे लिटरमागे साधारण ९३ मायक्रोग्रॅम फॉस्फरस, मिलिलिटरमागे ०.०९ मायक्रोग्रॅम. एका मध्यम जिवाणूचं कोरडं वजन ०.३ पिकोग्रॅमच्या आसपास (पिकोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा दहा लाखावा भाग). त्यात फॉस्फरस ३ टक्के धरा. भागाकार केला की मिलिलिटरमागे एक कोटीच्या घरात पेशी येतात. हा ढोबळ हिशोब झाला; आणि उपाशी जिवाणू फॉस्फरस काटकसरीने वापरतात, तेव्हा आकडा आणखी वर जातो. निबंधात सहा दिवसांत पेशी सुमारे वीसपट झाल्याचं म्हटलं होतं. तेवढ्या वाढीला त्या अशुद्धीतला फॉस्फेट पुरतो. रकाना 'फॉस्फेट नाही' असा होता, पण प्रत्यक्षात तो 'फॉस्फेट थोडा' असा होता.

व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझी रेडफिल्ड यांनी ४ डिसेंबरला, म्हणजे दोन दिवसांत, असाच हिशोब आपल्या ब्लॉगवर मांडला आणि डीएनए नीट धुतला नसल्याबद्दल कान उपटले. त्यावर असा वाद तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकांत व्हावा, अशी भूमिका नासा आणि लेखकांनी घेतली. दावा पत्रकार परिषदेत करायचा आणि उत्तर मात्र नियतकालिकातूनच यायला हवं म्हणायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. शिवाय तज्ज्ञ-परीक्षणाला आपण बाहेरचे लोक जरा जास्तच मान देतो. या निबंधावरचे परीक्षकांचे अहवाल २०१३ मध्ये अमेरिकेच्या माहिती कायद्याखाली बाहेर आले. परीक्षक खूश होते. निबंध छापायला योग्य, एवढंच परीक्षण सांगतं. तो खरा ठरला, असं सांगण्याचं काम त्याचं नाही.

जून २०११ मध्ये निबंध छापील अंकात आला, तेव्हा त्याच्यासोबत आक्षेपांच्या आठ टिपणांची रांग होती. पण आक्षेप वेगळे आणि प्रयोग वेगळा. रेडफिल्डनी जिवाणू मागवून घेतला, वाढवला, आणि प्रिन्स्टनच्या सहकाऱ्यांसोबत त्याचा डीएनए कसून शुद्ध केला: सिझियम क्लोराइडच्या द्रावणात सेंट्रिफ्यूजवर फिरवून, मग रेणू वजनावरून ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर. कण्यात आर्सेनेट सापडला नाही. हे निकाल त्यांनी जानेवारी २०१२ च्या अखेरीस परीक्षणाआधीच आर्काइव्ह या निबंधांच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुले केले. जुलै २०१२ मध्ये तो निबंध आणि झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या गटाचा स्वतंत्र निबंध, दोन्ही 'सायन्स'मध्येच छापून आले. झुरिकच्या निबंधाचा निष्कर्ष असा: जीएफएजे-१ आर्सेनेटला दाद देत नाही, पण फॉस्फेटशिवाय जगतही नाही.

मग एक कोडं उरतं. मूळ प्रयोगात आर्सेनेट घातल्यावर जिवाणू वाढले आणि न घातल्यावर वाढले नाहीत, असं का दिसलं? त्याचं एक देखणं उत्तर ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूवरच्या कामातून २०१२ मध्ये मिळालं. आर्सेनेटच्या माऱ्याखाली त्या पेशींनी आपले रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कारखाने, मोठ्या प्रमाणावर मोडून काढले. रायबोसोममध्ये आरएनए हा डीएनएचा भाऊबंद रेणू खच्चून भरलेला असतो, आणि आरएनएच्या कण्यात फॉस्फेट. घरातला फॉस्फेट मोडून त्यावर गुजराण सुरू. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आर्सेनिकवरच चाललंय.

बहुतेक जाणकारांसाठी प्रकरण इथेच मिटलं होतं. निबंध मात्र जागेवर राहिला. अखेर २४ जुलै २०२५ रोजी 'सायन्स'ने तो मागे घेतला. बनवाबनवीचा आरोप नव्हता. मांडलेले प्रयोग मुख्य निष्कर्षाला आधार देत नाहीत, तर निबंध मागे घेता येतो, असं संपादकांचं म्हणणं. लेखकांना हे मान्य नाही. प्रामाणिक चुकीला आणि लबाडीला एकच शिक्का मारायचा का, यावर शास्त्रज्ञांतही दोन तट आहेत. माझं मत विचाराल तर निबंधावर ठळक इशारा देऊन भागलं असतं. २०१२ चे दोन निबंध त्याच नियतकालिकात आहेत, वाचणाऱ्याला सगळं मिळतं. पण वाचतो कोण? शोध घेतल्यावर पहिला हाती येतो तो २०१० चा दावा, आणि विद्यार्थी तोच उचलतात.

म्हणून विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. बातमीवरून मूळ निबंधाचं नाव काढा आणि सहा महिन्यांनी, वर्षाने ते पुन्हा शोधा. जीववैद्यकीय विषय असेल तर पबमेड या शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत त्या निबंधाच्या नोंदीतच त्यावरची टिपणं, दुरुस्त्या आणि मागे घेतल्याची सूचना जोडलेली सापडते. फुकट आहे, लॉगिन लागत नाही. आणि निबंध उघडलाच तर निष्कर्षाआधी 'काय घातलं नाही' तो रकाना बघा. तो किती रिकामा होता, हे मोजलंय का? जीवशास्त्रातले अनेक मोठे दावे अशाच कुठल्यातरी चिमूटभर अशुद्धीवर अडखळलेत. डीएपी खताच्या गोणीवर १८:४६:० असं छापलेलं असतं, त्यातल्या पोटॅशच्या शून्यावर शेतकरी विश्वास ठेवतो आणि त्याचं काही बिघडत नाही. जिवाणूंचा शून्य तेवढ्या ऐसपैस मापाने मोजून चालत नाही.

या सगळ्या गदारोळात एक खरोखरच चांगला प्रश्न पुढे आला: इतक्या आर्सेनेटमध्ये हा जिवाणू फॉस्फेट वेचून काढतो तरी कसा? इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या दान ताफिक यांच्या गटाने झुरिकच्या मंडळींसोबत त्याचा छडा लावला, तोही २०१२ मध्येच. पेशीच्या बाहेरच्या अंगाला फॉस्फेट पकडणारी प्रथिनं असतात. जीएफएजे-१ मधलं असं एक प्रथिन आर्सेनेटपेक्षा फॉस्फेटला चार हजारपटींहून अधिक पसंती देतं. खाचेत फॉस्फेट चपखल बसतो. आर्सेनेट केसभर मोठा, त्यामुळे एका हायड्रोजन बंधाचा कोन बिघडतो आणि प्रथिन त्याला नाकारतं. म्हणजे हा जिवाणू प्रसिद्ध झाला आर्सेनिक वापरतो म्हणून, आणि त्याचं खरं कसब ते टाळण्यात!

भाताच्या रोपाला हे कसब नाही. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात जिथे कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक आहे, तिथे ते सिंचनातून शेतात आणि शेतातून दाण्यात उतरतं. कोरडवाहू जमिनीत आर्सेनेट फॉस्फेटच्या वाटेने मुळात शिरतो. पाणी साचलेल्या खाचरात ऑक्सिजन कमी, तिथे त्याचा आर्सेनाइट (एक ऑक्सिजन कमी असलेलं रूप) होतो, आणि तो सिलिकॉन आत घेणाऱ्या वाटेने जातो. भात सिलिकॉन भरपूर घेणारं पीक असल्याने ही वाट रुंद. कोणत्या वाणात ती अरुंद आहे, पाणी मधूनमधून तोडल्याने किती फरक पडतो, यावर सध्या बरंच काम चालू आहे. तोवर स्वयंपाकघरातला एक उपाय मोजून सिद्ध झालेला आहे: स्वच्छ, आर्सेनिक नसलेल्या पाण्यात तांदूळ भरपूर पाणी घालून शिजवले आणि जास्तीचं पाणी वेळून टाकलं, तर भातातलं आर्सेनिक बऱ्यापैकी कमी होतं. काही जीवनसत्त्वंही त्याबरोबर जातात.