रेकॉर्ड की सीडी: डीजेच्या हातात नेमकं काय असतं?

डीजेने रेकॉर्डवर वाजवावं की सीडीवर, हा विषय निघाला की गाडी लगेच आवाजाच्या क्वालिटीवर जाते, रेकॉर्डचा आवाज भरदार, सीडीचा कोरडा, आणि मग तासभर तेच. मला वाटतं डीजेसाठी मुख्य फरक तो नाहीच. डीजेचं काम काय, तर एक गाणं चालू असताना दुसरं हेडफोनमध्ये ऐकत त्याचा वेग असा जुळवायचा की ठेका ठेक्यावर बसेल आणि सम बरोबर समेवर येईल. आणि हे किती बारीक काम आहे बघा, दोन गाण्यांच्या वेगात फक्त 0.1 टक्का फरक राहिला तरी 30 सेकंदांत ठेके 30 मिलिसेकंदांनी सरकतात, तेवढ्यात एका ठोक्याच्या जागी दोन ऐकू यायला लागतात. म्हणजे प्रश्न असा आहे की गाण्याचा वेग कुठल्या मशीनवर किती हाताशी येतो, आणि इथे रेकॉर्ड आणि सीडी ही मुळातच वेगळ्या जातीची यंत्रं आहेत.

रेकॉर्डवर एक लांबलचक नागमोडी खाच असते, बाहेरून आत जाणारी. त्या खाचेचा वळसा हाच आवाजाचा आकार. सुई त्यात हलते, सुईच्या मागे छोटंसं मॅग्नेट हलतं, शेजारच्या कॉइलमध्ये करंट तयार होतो, तो अँप्लिफायरला जातो, संपलं. आता गंमत अशी की हा करंट सुई किती झपाट्याने हलते त्यावर ठरतो. त्यामुळे रेकॉर्ड हाताने हळू केली की आवाज खालच्या पट्टीत जातो आणि बारीकही होतो, उलटी फिरवली की उलटा वाजतो, थांबवली की शांत. मध्ये कुठलंही गणित नाही, हात हलला की आवाज हलला. स्क्रॅचिंग, म्हणजे वाजती रेकॉर्ड हाताने पुढेमागे करून आवाज काढणं, जन्मालाच इथून आलं, 1970 च्या दशकाच्या मध्यात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, आणि त्याचं श्रेय ग्रँड विझर्ड थिओडोर या डीजेला देतात. त्याच्या आधी 11 ऑगस्ट 1973 ला 1520 सेजविक अॅव्हेन्यूच्या बिल्डिंगमधल्या पार्टीत डीजे कूल हर्कने वाजवलं, एकाच रेकॉर्डच्या दोन कॉपी दोन टर्नटेबलवर ठेवून गाण्यातला फक्त ड्रमचा तुकडा लांबवत न्यायची त्याची पद्धत, तिथून हिप-हॉप सुरू झालं असं मानतात.

पण नुसती रेकॉर्ड असून भागत नाही. पट्ट्यावर चालणाऱ्या टर्नटेबलवर रेकॉर्ड हाताने धरली की पट्टा घसरतो आणि सोडल्यावर वेगावर यायला वेळ लागतो, डीजेसाठी ते निकामी. जपानच्या मात्सुशिताने टेक्निक्स नावाखाली 1972 मध्ये एसएल-1200 हा टर्नटेबल आणला, त्यात मोटरचा दांडा म्हणजेच थाळीचा आस. 1979 च्या एमके2 मध्ये क्वार्ट्झचं कंट्रोल आणि अधिक-उणे 8 टक्क्यांचा लांब पिच स्लायडर, म्हणजे वेग कमी-जास्त करायची सरकती खुंटी, आला, आणि थाळी 0.7 सेकंदात पूर्ण वेगावर यायला लागली. थाळीवर फेल्टची गोल चकती, तिला स्लिपमॅट म्हणतात, म्हणजे खाली थाळी फिरत राहते आणि वर डीजे दोन बोटांनी रेकॉर्ड धरून उभा. थाळीच्या कडेला ठिपक्यांच्या चार ओळी असतात, त्यावर लाल लाइट पडतो. मोठ्या ठिपक्यांची ओळ जागच्या जागी थांबल्यासारखी दिसली की वेग बरोबर शून्यावर, बाकीच्या तीन ओळी 6 टक्के वर, 3.3 टक्के वर आणि 3.3 टक्के खाली यासाठी. स्क्रीन नाही, आकडे नाहीत, तरी नजर टाकली की कळतं.

मला स्वतःला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे 1.8 सेकंद. 33⅓ आरपीएमची रेकॉर्ड एक फेरा बरोबर 1.8 सेकंदात मारते, मग सुई बाहेर असो की आत. त्यामुळे लेबलवर स्टिकर लावला की तोच घड्याळाचा काटा होतो, आणि गाणं मिनिटाला साधारण 133 ठोक्यांचं असेल तर चार ठोके झाले की स्टिकर परत त्याच जागी. डीजे ग्रँडमास्टर फ्लॅश रेकॉर्डवर क्रेयॉनने खुणा करायचा तो याच जोरावर. शिवाय रेकॉर्ड तिरकी धरली तर ड्रम थांबतात तिथे खाचांची शेड बदललेली दिसते, म्हणजे गाण्याचा नकाशा डोळ्यासमोरच. याची किंमतही आहे हं, फेरा तेवढाच पण आतला घेर छोटा, त्यामुळे सुईखालून खाच बाहेर सेकंदाला 50 सेंटीमीटर पळते आणि आत जेमतेम 20-21, म्हणून आतल्या गाण्यांचे बारीक तीव्र आवाज खराब होतात. बारा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला एकच गाणं घेतलं की खाच मोकळी कापता येते, डीजेंना ती चालते ती यामुळे.

आता सीडी. 1982 मध्ये बाजारात आली, तिच्यावर बाहेरून आत नाही तर आतून बाहेर जाणारी खड्ड्यांची रांग, दोन फेऱ्यांमध्ये अंतर 1.6 मायक्रोमीटर. लेझर ते खड्डे वाचतो आणि त्यातून प्रत्येक चॅनेलचे सेकंदाला 44,100 आकडे निघतात. इथे आकार नाही, आकडे आहेत. आणि वाचण्याचा वेग सारखा ठेवायला सीडी आतल्या बाजूला मिनिटाला साधारण 500 फेरे मारते आणि बाहेर जाईपर्यंत 200 वर येते, म्हणजे फेरा आणि वेळ यांचं नातंच तुटलं. हाताने सीडी मागे फिरवून काही उपयोग नाही, लेझरला उलटी वाचताच येत नाही. म्हणून इंजिनिअरांनी वेगळा रस्ता काढला, सीडीवरचे आकडे आधी मेमरीत भरून ठेवायचे, वर एक चाक द्यायचं, आणि हात चाक जसा फिरवेल त्याप्रमाणे मेमरीतले आकडे पुढून किंवा मागून वाजवायचे, दोन आकड्यांच्या मधली जागा हिशोबाने भरायची.

पायोनियर कंपनीचा सीडीजे-500 हा डीजेंसाठीचा सीडी प्लेअर 1994 चा, पण खरा फरक पडला 2001 च्या सीडीजे-1000 ने. त्याच्या चाकाला वरून हात लावला की गाणं थांबतं, फिरवलं की स्क्रॅच होतं, सोडलं की पुढे चालू. आणि चाकाच्या मधल्या डिस्प्लेवर फिरणारी खूण एक फेरा 135 फ्रेममध्ये पूर्ण करते. सीडीवर सेकंदाला 75 फ्रेम असतात, भागाकार करून बघा, उत्तर 1.8! रेकॉर्डचा फेरा त्यांनी जसाच्या तसा उचलून आत बसवला, कारण हजारो डीजेंच्या हातात तोच बसलेला होता. मला ही फार सुंदर इंजिनिअरिंग वाटते.

आकडे आहेत म्हटल्यावर रेकॉर्डला कधीच न जमणारं एक कामही जमलं. रेकॉर्डचा वेग वाढवला की पट्टी चढणारच, सुटका नाही. जवळजवळ 6 टक्के वेग वाढवला की पांढरी एकमधलं गाणं काळी एकमध्ये जातं, गाणारीचा आवाज पातळ होतो. सीडी प्लेअर मात्र आवाजाचे अगदी छोटे छोटे तुकडे करून ते एकमेकांवर थोडे सरकवून जोडतो, त्यामुळे पट्टी तीच राहून वेग बदलतो. फार ताणलं तर ड्रमची धार जाते, कान देऊन ऐकलं की कळतं, पण चार-पाच टक्क्यांना चालून जातं.

क्लबमध्ये अजून एक भानगड म्हणजे हादरे. सुईला हादरा आणि संगीत यातला फरक कळत नाही, स्पीकरचा बेस टेबलातून सुईत, सुईतून परत स्पीकरमध्ये, आणि घूं करत आवाज वाढत जातो, म्हणून टर्नटेबलखाली जड लाद्या आणि रबर ठेवतात. सीडीत आकडे अशा पद्धतीने विखरून लिहिलेले असतात की ट्रॅकवर साधारण 2.5 मिलिमीटर भाग खराब झाला तरी गेलेले आकडे पूर्ण परत काढता येतात. पण त्यापलीकडे गेलं की सीडी सरळ अडकते, आणि रेकॉर्ड चर्र चर्र करत का होईना चालत राहते.

वजनाचाही हिशोब आहेच, बारा इंची रेकॉर्ड 120 ते 180 ग्रॅमची आणि सीडी 15-16 ग्रॅमची. त्याहून मोठं म्हणजे रात्री बनवलेला ट्रॅक घरच्या कॉम्प्युटरवर सीडीवर टाकून लगेच वाजवता येतो, रेकॉर्डसाठी आधी अॅसिटेट, म्हणजे एकेक करून कापलेली मऊ थराची रेकॉर्ड, कापून घ्यावी लागायची आणि ती थोड्या वेळा वाजवली की झिजायची.

गोव्याचं उदाहरण तर इथे घ्यायलाच हवं. हणजुणे-वागातोरच्या किनाऱ्यांवर ट्रान्स हे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत वाढलं ते मुख्यतः रेकॉर्डवर नाही, कॅसेट आणि मग डॅट टेपवर, म्हणजे डिजिटल आवाजाच्या छोट्या कॅसेटवर. रेकॉर्ड हे प्लास्टिकच, ऊन आणि गरमीत वाकतं, वाळू खाचेत गेली की संपलं, आणि गोवा गिलसारखे डीजे तर पुढेही डॅटवरच वाजवत राहिले. पण त्या डॅट मशीनवर पिच स्लायडर नव्हता, ठेके जुळवणं शक्यच नव्हतं, म्हणून एक गाणं ठेका सोडून विरत जायचं आणि त्यावर दुसरं ठेक्याशिवाय उगवायचं. गोवा ट्रान्सच्या गाण्यांना सुरुवातीला आणि शेवटी ते लांब तरंगते भाग असतात त्यामागे हे मशीन आहे.

पुढे दोन्ही वाटा एकमेकींत मिसळल्या. 2020 च्या सीडीजे-3000 मध्ये सीडी टाकायची जागाच नाही, पेनड्राइव्ह लावायचा, आणि 2010 मध्ये बंद केलेला एसएल-1200 टेक्निक्सने 2016 मध्ये परत आणला. मधला प्रकार म्हणजे टाइमकोड रेकॉर्ड, तिच्यावर गाणं नसतंच, एक सलग सूर असतो, सेरातो या डीजे सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डवर तो 1000 हर्ट्झचा. गाणं कॉम्प्युटरमध्ये असतं. सूर चढला म्हणजे रेकॉर्ड जोरात फिरतेय, उतरला म्हणजे हळू, आणि डाव्या-उजव्या चॅनेलपैकी कोण पुढे आहे त्यावरून दिशा कळते, तेवढ्यावर सॉफ्टवेअर गाणं पुढेमागे करतं. हाताला अस्सल रेकॉर्डच लागते, गाणी हवी तेवढी नेता येतात, फक्त सुई आणि ती खाच अजूनही झिजतात, त्यामुळे वर्ष-दोन वर्षं जोरात स्क्रॅच करणाऱ्याला ती सुराची रेकॉर्डसुद्धा नवी आणावी लागते.